खुर्द्याची गणती

गेल्या महिन्यात सोलापुरात एका व्याख्यानानंतर सभागृहात चांगलीच जुंपली. विषय होता १८१८ नंतरचे सोलापूर. एका बाजूचे म्हणणे असे की पेशवाई बुडाली आणि या मुलखाला पहिल्यांदा शांत झोप लागली. पेंढारी गेले, वाटा मोकळ्या झाल्या, धान्य स्वस्त झाले. दुसरी बाजू म्हणत होती की इंग्रज आले आणि मुलूख पिळून निघाला; धान्य इतके स्वस्त झाले की शेतकऱ्याला सारा, म्हणजे जमिनीचा कर, भरता येईना. गंमत अशी की दोघांच्या हातात पुरावा एकच होता, तो म्हणजे स्वस्ताई. एकाने तो मिठाईसारखा वाटला, दुसऱ्याने दगडासारखा फेकला. मागच्या रांगेत मी बसलो होतो. तीस वर्षे कॉलेजात पुस्तपालन शिकवलेला माणूस मी, मला एवढेच विचारावेसे वाटत होते की ही स्वस्ताई जमा कोणाच्या खात्यावर झाली आणि नावे कोणाच्या पडली? विचारले नाही. आठ वाजले होते आणि सभागृहाच्या भाड्याची वेळ संपत आली होती.

तेव्हा राहिलेले इथे मांडतो. १८१७-१८ च्या इंग्रज-मराठे युद्धाने या भागाचे आर्थिक काय केले, हे कंपनी सरकारच्या अहवालांवरून ठरणार नाही आणि पोवाड्यांवरूनही ठरणार नाही. ते ठरवायचे तर त्या काळातल्या व्यापाऱ्यांच्या आणि सावकारांच्या वह्या वाचाव्या लागतील. त्या वाचायला घेतल्या की ‘भरभराट की बरबादी’ हा वाद जागच्या जागी विरघळेल असे मला वाटते, कारण वही हा प्रश्न विचारतच नाही. नुकसान झाले हे तिला ठाऊकच असते. ते कोणी सोसले, कोणी पुढे ढकलले आणि शेवटी कोणाच्या दारात जाऊन बसले, एवढेच ती लिहून ठेवते.

आधी ‘शांतता आली’ म्हणणाऱ्यांचे जे खरे आहे ते मोकळेपणाने कबूल करतो. १८१८ च्या आधीचे दिवस काही सोन्याचे नव्हते. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुणे घेतले, त्यापाठोपाठ फौजांनी दख्खन तुडवली आणि १८०३-०४ चा दुष्काळ पडला. त्या दुष्काळाला आभाळ जितके जबाबदार होते तितक्याच फौजाही होत्या. उभी पिके घोड्यांनी खाल्ली आणि पेरायला माणूस उरला नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत सारा वसुलीच्या मामलती इजाऱ्याने, म्हणजे चढ्या बोलीला, दिल्या जात. ज्याने जास्त बोली लावली त्याने ती रयतेकडून वसूल केली. कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने ११ फेब्रुवारी १८१८ ला साताऱ्याहून जाहीरनामा काढला, त्यात ही इजारेपद्धत बंद झाल्याचे सांगितले. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांनी सुटकेचा श्वास टाकला असेल! हे सगळे झाकून पेशवाईसाठी गळा काढणे मला जमत नाही.

पण या बाजूचा मुख्य साक्षीदार कोण? जिंकणाऱ्याचा अहवाल. एल्फिन्स्टनचा १८१९ चा अहवाल मोठ्या नजरेचा आहे, पुष्कळ ठिकाणी उदारही आहे. तरी मुलूख नुकताच ताब्यात घेतलेल्या अधिकाऱ्याने तो वरिष्ठांना पाठवलेला आहे. मुलूख काय देऊ शकेल हे त्याला सांगायचे होते. मुलखाचे काय गेले हे त्याला कोणी विचारलेच नव्हते. नव्या मालकाने घराची मोजदाद केली म्हणून जुन्या भाडेकरूचे काय काय हरवले ते त्यात सापडेल का? ज्या १८८४ च्या गॅझेटियरवर आपल्याकडचे निम्मे व्याख्याते उभे असतात, ते तर लढाईनंतर सहासष्ट वर्षांनी छापलेले. त्यातले उतारे ‘त्या वेळची साक्ष’ म्हणून वाचून दाखवले जातात तेव्हा मला माझ्या विद्यार्थ्यांची आठवण येते. कीर्द, म्हणजे रोजच्या नोंदींची वही, न लिहिता थेट ताळेबंद जुळवायची त्यांनाही अशीच घाई असायची.

दुसऱ्या बाजूचेही जोरदार मुद्दे आहेत. १८२० नंतरच्या दशकात दख्खनमध्ये धान्याचे भाव घसरले, सारा मात्र रोख मागितला जात होता. प्रिंगल या कंपनीच्या अधिकाऱ्याने ठरवलेले साऱ्याचे दर आपल्या शेजारच्या इंदापुरात इतके जड झाले की रयत जमिनी टाकून निजामाच्या हद्दीत गेली, आणि १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांना तिथे मोजणी नव्याने करावी लागली. हा काही राष्ट्रवादी कल्पनाविलास नव्हे, सरकारने स्वतःच मान्य केलेली चूक आहे. पण ही मंडळी इथून थेट ‘लूट’ या शब्दावर उडी मारतात आणि मधल्या पायऱ्या गाळतात. भाव का पडले? शांतता आल्यावर पडीक जमीन लागवडीखाली आली आणि धान्य वाढले म्हणून? हजारो घोडी, शिलेदार, कारकून, आश्रित पोसणारा पुण्याचा दरबार आणि सरदारांचे तळ उठले, गिऱ्हाईकच गेले म्हणून? की साऱ्यात गेलेला रुपया मुलखात परत येईनासा झाला म्हणून? तिन्ही कारणे असणार. पण कोणते किती? आणि कोणते आधी लागू झाले? कलेक्टरच्या वार्षिक सरासरीत तिन्ही एकजीव झालेली असतात. पिठल्यातून मीठ वेगळे काढता येत नाही, तसे त्या सरासरीतून कारण वेगळे निघत नाही.

इथे सोलापूरच्या वेढ्याचे उदाहरण घेतो. आपल्या जिल्ह्यातल्याच आष्टीला २० फेब्रुवारी १८१८ रोजी पेशव्याचे सेनापती बापू गोखले पडले. पेशव्याचे पायदळ आणि तोफा सोलापूरच्या आश्रयाला आल्या. मे महिन्यात कंपनीचा सेनानी मन्रो याची फौज त्यांच्यावर चालून आली आणि महिन्याच्या मध्यावर किल्ला खाली झाला. शाळेत आपण ‘सोलापूरचा किल्ला पडला’ एवढेच वाचतो. किल्ल्याच्या आधी मन्रोच्या शिपायांनी शिड्या लावून पेठ घेतली होती, हे मात्र आपण वाचून विसरतो. पेठ म्हणजे दुकाने, वखारी, सराफांच्या पेढ्या, माग आणि घरे. महिना वैशाख, शके १७४०. ऐन लग्नसराई, म्हणजे कापडाच्या धंद्याचा कणा. आज चाटी गल्लीतून जाताना किती जणांना ठाऊक असते की चाटी म्हणजे कापडव्यापारी? त्या वैशाखात पेठेत किती धोतरजोड्या आणि लुगडी पडून होती, किती विकली, किती उधारीवर गेली होती आणि त्यातली किती उधारी परत आली? किल्ल्यात तोफा किती होत्या ते सांगणारे लोक मला दहा भेटले आहेत. हे सांगणारा एकही भेटला नाही.

पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांना बातमी कळली ती एका सावकारी पत्रातून, हे प्रत्येक मराठी माणसाला पाठ आहे. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. सांकेतिक भाषा म्हणून आपण तिचे कौतुक करतो. मला त्यातले शेवटचे वाक्य जास्त बोचते. त्या पत्राला आता अडीचशेहून अधिक वर्षे झाली. मोत्यांवर कादंबऱ्या झाल्या, मोहरांची नावे शोधली गेली, खुर्दा मात्र अजून तसाच ‘गणती नाही’ या सदरात पडून आहे. आणि खुर्दा मोजायचे काम ज्यांच्या हाडीमाशी होते, त्यांच्याच भाषेत ती बातमी आली होती!

वहीत नेमके काय सापडते? लोकांना वाटते मालाचे भाव. भाव असतातच, पण ते सर्वांत कमी बोलके. खरे बोलतात ते दर. पहिला वटाव, म्हणजे एक नाणे दुसऱ्यात बदलताना कापला जाणारा बट्टा. त्या काळी एक रुपया नावाची गोष्टच नव्हती. अंकुशी, चांदवडी, निजामी अशी नाणी शेजारी शेजारी चालत आणि प्रत्येकाचा बट्टा रोज नव्याने ठरे. कंपनीचा एकच रुपया आला तो १८३५ मध्ये. युद्धाच्या तोंडावर चांगले नाणे घराघरांत पुरले जाते आणि हलके बाजारात फिरत राहते. बट्टा कोणत्या आठवड्यात हलला ते वहीत दिसले, तर बाजाराला भीती कधी वाटली त्याची तारीख मिळते, आणि ती लढाईच्या तारखेशी जुळेलच असे नाही. दुसरी हुंडणावळ, म्हणजे पुण्याची किंवा हैदराबादेची हुंडी (दुसऱ्या गावच्या पेढीवर पैसे देण्याची चिठ्ठी) इथे वटवायला काय पडते ते. वाट बंद झाली की हुंडणावळ चढते. दर्शनी, म्हणजे दाखवताच पैसे मिळायची, हुंडी कोणी घेईनासे झाले की समजावे, दुसऱ्या टोकाच्या पेढीवरचा विश्वास उडाला. तिसरे व्याज. दरमहा शेकडा एक म्हणजे वर्षाला बारा टक्के. तो दीड झाला, दोन झाला की कोणाला झाला हे पाहायचे. जुन्या गिऱ्हाइकाला पाऊण आणि नव्याला दोन, असा फरक युद्धाआधी होता का, आणि युद्धाने तो किती रुंदावला?

समजा, एका कापडवाल्याच्या खतावणीत वीस कोष्ट्यांची खाती आहेत. दर पंधरवड्याला सूत नावे (कोष्ट्याला दिले), कापड जमा (त्याच्याकडून आले). माघात आष्टीची लढाई होते. फाल्गुनात सूत नावे पडलेले दिसते, पण कापड जमा नाही. चैत्रात दोन्ही बाजू कोऱ्या. वैशाख कोरा. ज्येष्ठात वीसपैकी अकरा खाती पुन्हा सुरू होतात, पण आता सूत निम्मे आणि मागच्या बाकीवर व्याज. उरलेल्या नऊ खात्यांवर वर्षअखेरीस ‘बुडीत’ असा शेरा. हा दाखला मी कल्पनेने रचला आहे, आकडे कोणी खरे धरू नयेत. पण असे एक पान हाती लागले तर ‘विणकरी उद्ध्वस्त झाली’ आणि ‘विणकरी सावरली’ ही दोन्ही वाक्ये किती पोकळ आहेत ते दिसेल. अकरा सावरले आणि कर्जात सावरले. नऊ गेले. कुठे गेले, हे पुढे दुसऱ्या कोणाच्या वहीत शोधायचे.

आता सर्वांत कडक आक्षेप. सावकाराची वही पुरावा कशी मानायची? ज्या वर्गाने रयतेला नागवले त्याचाच हिशेब तुम्ही देव्हाऱ्यात ठेवता? आक्षेप खरा आहे आणि मराठीत त्याला मोठी परंपरा आहे. जोतीराव फुल्यांनी शेटजी-भटजींच्या लेखणीवर जो जाळ काढला तो उगाच नव्हता. अक्षरशत्रू कुळाचा अंगठा कोऱ्या कागदावर घेणारे सावकार होतेच. १८७५ च्या मे महिन्यात सुप्यापासून पुणे आणि नगर जिल्ह्यांत दंगे पेटले, तेव्हा शेतकऱ्यांनी कर्जाची खते आणि रोखे मागितले, मिळाले तिथे जाळले, आणि बऱ्याच ठिकाणी कागद हाती आल्यावर सावकाराच्या अंगाला हातही लावला नाही. आपली लढाई कागदाशी आहे हे त्यांना पक्के कळले होते.

पण त्यांनी काय जाळले ते नीट पाहू. खत, रोखा, तमसुक हे कागद दुसऱ्याला दाखवण्यासाठी असतात. कोर्टात, कुळासमोर, पंचांसमोर. खोटेपणा तिथे पिकतो कारण तिथे तो फळतो. रोजकीर्द दुसऱ्यासाठी नसते. कालची अखेर शिल्लक आज आरंभी घ्यायची, दिवसभराची जमा-नावे टाकायची आणि दिवे लागल्यावर तिजोरीतली रोकड मोजून जुळवायची. त्यात खोटे लिहिणारा सावकार कुळाला नव्हे, स्वतःच्या भागीदाराला आणि मुलाला फसवत असतो. “सर, व्यापारी दोन वह्या ठेवतात,” असे दर वर्षी एखादा विद्यार्थी मागच्या बाकावरून म्हणायचाच. बहुधा स्वतः दुकानदाराचा मुलगा असायचा. ठेवतात, बाबा. पण दुसरी वही मुख्यतः प्राप्तिकराचे अपत्य आहे आणि हिंदुस्थानात प्राप्तिकर आला १८६० मध्ये. १८१८ च्या वाण्याला मोहतर्फा नावाचा कर द्यावा लागे तो दुकानावर, मागावर. वहीतल्या नफ्यावर नाही. त्याला पैसा लपवायचा होता, पण त्यासाठी तो जमीन खणत होता, वही खोटी करत नव्हता.

आणि रयतेच्या बाजूने झालेल्या पहिल्या मोठ्या कायद्याने काय सांगितले? १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी झाला. त्याने न्यायाधीशाला बजावले की नुसत्या खतावरच्या आकड्यावर जाऊ नका, व्यवहाराच्या मुळाशी जा, पहिल्या रुपयापासूनचा हिशेब काढा. म्हणजे सावकाराचा कागद फसवा म्हणून फेकून द्या असे कायदा म्हणाला नाही. त्याचा एक कागद त्याच्याच दुसऱ्या कागदापुढे उभा करा म्हणाला. न्यायाधीशाला जे जमावे अशी अपेक्षा होती ते इतिहास लिहिणाऱ्याला का जमू नये?

दुसरा आक्षेप मला याहून जड वाटतो आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. टिकलेल्या वह्या टिकलेल्या घराण्यांच्या असतात. जी पेढी त्या वैशाखात बुडाली तिची वही कोण जपणार? म्हणजे वह्या वाचून निघणारे चित्र जगलेल्यांचे चित्र असेल आणि ते वाजवीपेक्षा उजळ दिसेल. शिवाय ज्याचे कोणाकडे खातेच नव्हते तो मजूर त्यात नसेल. हे मान्य. तरी बुडालेल्याची सावली तगलेल्याच्या वहीत पडतेच. हुंडी परत आल्याची नोंद, थकलेले येणे, आणि मग एक दिवस ते नाव पुन्हा कधीच न येणे. बायकांचेही तसेच. वहीत त्यांची नावे क्वचितच. पण गहाणाच्या यादीत पाटल्या, गोठ, सरी वजनासकट उतरलेल्या असतात. ऐवज बायकोचा, खाते नवऱ्याचे. युद्धाच्या वर्षी गहाण किती वाढले आणि सोडवले किती गेले हे मोजता आले, तर एखाद्या घराने लढाईचा खर्च कशातून भागवला ते तोळ्यात सांगता येईल. असा पुरावा कोणत्या अहवालात आहे?

आपल्या जिल्ह्याने पुढे आणखी एक युद्ध असेच सोसले, तेही सात समुद्रांपलीकडचे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. आगगाडी सोलापुरात येऊन जेमतेम वर्ष झाले होते; ती आली १८६० मध्ये. मुंबईत शेअरबाजाराला वेड लागले, प्रेमचंद रायचंदांचे नाव घराघरांत गेले, आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच सगळा डोलारा कोसळला. दहा वर्षांनी दख्खनमध्ये दंगे. या दोन घटनांमध्ये सरळ दोरी बांधावी की नाही यावर अभ्यासक आजही भांडतात, आणि ते भांडण मला आवडते. कारण त्यात निदान प्रश्न बरोबर आहे. तेजीत कर्ज कोणाला दिले गेले, कशाच्या तारणावर, आणि मंदीत ते कोणी परत मागितले? तेजीचा पैसा शेतकऱ्याच्या हाती आला होता, हे मुंबईच्या निर्यातीच्या आकड्यांवरून ठरत नाही. तो बार्शीच्या अडत्यापाशी थांबला की करमाळ्याच्या शेतापर्यंत गेला, हे अडत्याच्याच वहीत असणार. १८१८ बद्दल निदान एवढ्या पातळीवर भांडायला आपण कधी शिकणार?

सव्वाशे वर्षांपूर्वी इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून दप्तरे धुंडाळली. त्यांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी मिरजेत पटवर्धनांचे दप्तर उजेडात आणले. त्या पिढीचे ऋण फेडता येणार नाही. पण उघडली गेली ती बहुतांश सरदारांची, कारकुनांची आणि वतनदारांची दप्तरे. वाण्याची वही तशीच माळ्यावर राहिली, कारण तिच्यात स्वारी नाही, तह नाही, ‘विनंती विशेष’ नाही. नुसते तेल, मीठ, सूत आणि बाकी. आमच्या पिढीने तिचे काय केले? मी लहान असताना कोपऱ्यावरचा दुकानदार शेंगाचटणी जुन्या वहीच्या पानात बांधून द्यायचा. कागद चिवट, तेल सहज फुटायचे नाही. वरची वळणदार अक्षरे मोडी आहेत हे मला फार पुढे कळले. किती वर्षांचा बाजार आम्ही असा चाटून पुसून खाल्ला, देव जाणे.

सोलापुरात तर अडचण दुप्पट. इथल्या वह्या एका लिपीच्या नाहीत. मराठी कारकुनाची मोडी, मारवाड्याची महाजनी, लिंगायत वाण्याची कन्नड, पद्मशाली घरातली तेलुगू. एका पेठेचा हिशेब जुळवायचा तर चार माणसे एका टेबलाशी बसवावी लागतील, आणि शके, फसली, विक्रम संवत आणि अरबी सन यांचा मेळ घालणारा पाचवा. हे काम व्याख्यानातून होत नाही आणि इतिहास शिकलेल्या एकट्या माणसाकडूनही होत नाही. पुस्तपालन शिकलेली मुले इथे खरी उपयोगी पडतील असे मी म्हणतो तेव्हा माझे इतिहासवाले मित्र हसतात. हसोत. नावे बाजू कुठली हे ज्याला ठाऊक नाही त्याला मोडी कितीही सुरेख वाचता आली तरी तो शिल्लक आणि बाकी यांत घोळ घालणारच.

मुख्य अडथळा मात्र लिपीचा नाही, लाजेचा आणि भीतीचा आहे. जुने घराणे वही दाखवायला कचरते, कारण त्यात कोणाची जमीन कशी आली ते असते. ज्यांचे आजोबा कुळ होते ते आज शेजारी राहतात, एकाच सोसायटीच्या बैठकीला बसतात. त्यांची नावे चव्हाट्यावर आणण्याचा हक्क इतिहासाला आहे का? माझ्या मते नाही, निदान विचारल्याशिवाय नाही. १८५० च्या आधीच्या पानांचे फोटो काढावेत, वही घरातच राहू द्यावी, छापताना कुळांची नावे गाळून फक्त जात-धंदा, गाव, रक्कम आणि दर घ्यावेत, अशा अटीवर बोलणे सुरू करता येते. मी दोन घरांत तसे बोलून पाहिले. एका घरी चहा मिळाला आणि विषय बदलला. दुसऱ्या घरचे आजोबा, वय नव्वदीच्या आसपास, थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “वह्या आहेत सर. लाल फडक्यात बांधून माळ्यावर. दिवाळीत नव्या वहीची पूजा झाली की एकदा त्यांनाही हळदकुंकू लावतो. पण उघडून पाहिलेल्या नाहीत कधी. वाचणार कोण?” त्यांनी नातवाला शिडी आणायला सांगितले. नातू म्हणाला, शिडी भाड्याने दिली आहे, रविवारी येईल. रविवारी मी जाणार आहे.